सहाव्या नटावरची धूळ

चाळीस नंबरच्या ट्रेलरखाली उताणा पडलेला मिस्त्री चेसिसवर पान्याचा एक ठोका देई, की वर केबिनमध्ये बसलेले दाजी ब्रेक दाबत. दोन ठोके पडले की सोडत. तीन म्हणजे इंजिन बंद. चार ठोक्यांचा अर्थ होता 'कान फुटले का?', आणि ते आठवड्यातून एकदा तरी वाजवावे लागत.

यार्डात नवीन आलेल्या माणसाला हे पाहून भारी वाटायचं. काय शिस्त आहे, एक शब्द वाया जात नाही! मग जुने लोक त्याला बाजूला घेऊन सांगत, बाबा रे, शिस्त कसली, त्यांचं बोलणं बंद आहे.

बंद होऊन चौदा महिने झाले होते. दाजी म्हणजे मिस्त्रीच्या धाकट्या बहिणीचा नवरा, चाळीस नंबरचा ड्रायव्हर. एकदा जेवणाच्या सुट्टीत दाजी सगळ्यांदेखत म्हणाले, "ज्याला गाडी चालवता येत नाही, तो गाडीखाली शिरतो." मिस्त्रीने डबा बंद करता करता उत्तर दिलं, "आणि ज्याला काहीच येत नाही, त्याला आम्ही बहीण देतो." पहिल्या वाक्याला यार्ड हसलं. दुसऱ्याला पोट धरून हसलं, एकाला तर ठसका लागून पाणी पाजावं लागलं. ज्याच्या वाक्याला जास्त हशा मिळाला त्याने माफी मागावी, असं बहिणीचं म्हणणं. ज्याने सुरुवात केली त्याने मागावी, असं मिस्त्रीचं. दाजींचं म्हणणं कोणालाच कळलं नाही, कारण त्याच दुपारपासून ते बोलायचे थांबले.

बहीण यार्डाच्या गेटवर होती. खिडकीत बसून गाड्यांचे कागद द्यायची आणि कोणती गाडी किती वाजता सुटणार ते फळ्यावर निळ्या खडूने लिहायची. सगळे तिला गेटताई म्हणत. मिस्त्रीचा खडू पांढरा. निळ्या खडूला हात लावलेला तिला खपत नसे. मिस्त्रीला तिच्या नवऱ्याशी काही बोलायचं असलं तर तो खिडकीत येऊन तिला सांगे, नवराही तिथेच सहा फुटांवर उभा राहून तिलाच उत्तर देई. घरी गेल्यावर तरी सुटका असावी, तर तिथे दोघांपैकी एक हजरच.

त्या मंगळवारी मात्र प्रकरण ठोक्यांवर भागणारं नव्हतं. पुलाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला तपासणीचं पथक आठवडाभर ठाण मांडून बसणार होतं. ब्रेक, टायर, दिवे, माल बांधलेले पट्टे, सगळं पाहणार, आणि दोष सापडला की काचेवर लाल पट्टी चिकटवणार. लाल पट्टी लागलेली गाडी जागची हलवायची नाही, दुरुस्ती तिथेच रस्त्यावर. यार्डातल्या बावीस गाड्यांपैकी एकाच गाडीला वर्षात दोनदा लाल पट्टी लागली होती. चाळीस नंबरला. दोन्ही वेळा ब्रेकसाठी, आणि दोन्ही वेळा यार्डातल्या तपासणीच्या कागदावर सही मिस्त्रीची.

मॅनेजरसाहेबांनी सोमवारी त्याला बोलावून घेतलं होतं. साहेब तसे वाईट नव्हते, फक्त ते प्रत्येक गोष्ट आधीच ठरवून मग विचारत.

"मिस्त्री, तिसरी लाल पट्टी लागली तर मी वर काय सांगू?"

"लागणार नाही."

"दुसऱ्या वेळीही तुम्ही हेच म्हणालात. लागली, तर तुमच्या कपाटाची चावी माझ्या टेबलावर. पटतंय ना?"

पटत नव्हतं, पण त्यांनी ते विचारण्यासाठी विचारलंच नव्हतं. मिस्त्रीला यार्डात एकोणीस वर्षं झाली होती, वय बावन्न. या वयाच्या माणसाला दुसरं यार्ड ठेवून घेतं ते झाडू द्यायला, पाना द्यायला नाही.

त्याची खात्री होती की दोष गाडीत नाही, गाडीवाल्यात आहे. उतारावर गियर बदलायचा कंटाळा, पाय ब्रेकवर ठेवून द्यायचा आणि गाणी ऐकायची, मग ब्रेक तापणार नाहीत तर काय होईल? दाजींची खात्री होती की दोष मिस्त्रीच्या हातात आहे. दोघांच्या खात्र्या इतक्या पक्क्या होत्या की तपासून पाहायची गरज दोघांनाही वाटली नव्हती.

मंगळवारी सकाळी एक लहानशी गोष्ट घडली. गाड्या धुण्याचा पंप आदल्या संध्याकाळीच बंद पडला होता. एरवी तपासणीआधी प्रत्येक गाडी पंपाच्या फवाऱ्याखाली जायची, खालूनसुद्धा धुतली जायची. अधिकाऱ्याचा पहिला डोळा स्वच्छतेवर जातो, असं साहेबांचं मत होतं. धुऊन, निथळून, चकचकीत होऊन मगच गाडी मिस्त्रीच्या हाती येई. त्या दिवशी चाळीस नंबर आली ती तीन हजार किलोमीटरची धूळ अंगावर घेऊन.

मिस्त्रीने दिवे पाहिले, टायरच्या खाचा मोजल्या, हवेच्या नळ्यांना कान लावला, पट्टे ओढून पाहिले. मग पांढरा खडू आणि पट्टी घेऊन खाली शिरला.

ब्रेक मोजायची रीत सोपी. प्रत्येक चाकामागे हवेचा डबा असतो, त्यातून एक दांडी निघते. ब्रेक सोडलेला असताना दांडीवर खडूची रेघ मारायची. ब्रेक दाबला की रेघ पुढे सरकते, ती किती सरकली ते मोजायचं. दोन इंचांच्या आत असेल तर ठीक. पुढे गेली तर गाडी थांबेल की नाही हे समोरच्याने आपलं आपण बघून घ्यावं. दांडीच्या टोकाला ॲडजस्टर असतो. चाकातल्या ड्रमला घासणारं ब्रेकचं लायनर झिजेल तसा तो स्वतःहून आवळत जातो. त्यालाही एक नट असतो, पण त्याला पाना लावायचा नसतो. जुन्या गाड्यांमध्ये ड्रायव्हर रोज सकाळी खाली शिरून नट पूर्ण आवळायचे आणि अर्धा फेरा मागे सोडायचे. नव्या ॲडजस्टरला हे केलं की सोडताना आतून 'कर्रर्र' आवाज येतो. तो दाते खरवडल्याचा आवाज.

एक ठोका. दाजींनी ब्रेक दाबला. डावीकडचा पहिला, दीड इंच. दोन ठोके. डावीकडचा दुसरा, दीड. तिसरा, दीड. उजवीकडचा पहिला दीड, दुसरा दीड. सहावा, म्हणजे उजवीकडचा शेवटचा, पावणेदोन.

मिस्त्रीने पट्टी छातीवर ठेवली आणि पडून राहिला. एकोणीस वर्षांत इतके आज्ञाधारक ब्रेक त्याने पाहिले नव्हते. ब्रेक एकाच आईची लेकरं असली तरी दोन सुतं इकडेतिकडे व्हायचीच. आठ सुतांचा इंच, आणि पाचांमध्ये एका सुताचा फरक नाही?

त्याने टॉर्च पेटवला. पहिल्या नटाचे सगळे कोपरे चमकत होते. भोवताली बोटभर काळी घाण, आणि मधोमध नट असा लखलखीत की त्यात तोंड बघावं. दुसराही तसाच. तिसरा, चौथा, पाचवा. पाना बसतो तिथेच घाण निघते, बाकीची राहते.

सहाव्या नटावर धूळ होती. तीन हजार किलोमीटरची, ग्रीसमध्ये मुरलेली, घोंगडीसारखी जाड. त्याच्याशेजारी स्टेपनी टायरचा लोखंडी पिंजरा, मध्ये जेमतेम फूटभर फट. मिस्त्री काटकुळा, तो कुशीवर वळून शिरायचा. दाजींचं पोट त्या फटीत जाणार नाही, हे सांगायला पट्टी लागत नव्हती.

मिस्त्रीने चार ठोके दिले. वर दाजींना वाटलं, आपलं काही चुकलं, म्हणून त्यांनी ब्रेक दाबला, सोडला, परत दाबला. मिस्त्री तोवर बाहेर पडून तडक आपल्या कपाटाशी पोचला होता.

लाल पट्टीच्या वेळचे दोन्ही कागद त्याने जपून ठेवले होते, अपमान जपून ठेवायची त्याला सवयच होती. पहिल्या कागदावर अधिकाऱ्याने तीन ब्रेक ढिले लिहिले होते, दुसऱ्यावर चार. सहावा दोन्हींवर नव्हता. ज्याला कोणी हात लावू शकत नव्हतं, तो एकटा ठणठणीत होता.

म्हणजे यार्डात मोजताना ब्रेक कडक, कारण पहाटेच कोणीतरी आवळून ठेवलेले. आणि शे-दीडशे किलोमीटरनंतर पुलापाशी ढिले, कारण खरवडलेले दाते नट धरून ठेवत नाहीत. सही माझी, चावी माझी, आणि पाना? मला घालवायला निघालाय. बायकोच्या सख्ख्या भावाला! त्यातही जास्त झोंबलं ते हे की वर्षभर आपण धुतलेली गाडी बघत आलो. फवाऱ्याने सगळेच नट चमकायचे, आणि आपण चमकणाऱ्या नटांना चांगले नट समजत होतो.

तो गेटच्या खिडकीत आला. दाजी तिथे चहाचा पेला घेऊन उभेच होते.

"तुझ्या नवऱ्याला विचार, चाळीस नंबरच्या नटांना पाना कोण लावतं."

बहिणीने कागदावरून मान वर केली नाही. "अहो, दादा विचारतोय…"

"ऐकलं मी. त्याला सांग, पाने लावणं मिस्त्रीचं काम. स्वतःचं काम धड केलं की दुसऱ्याच्या गळ्यात घालायची वेळ येत नाही."

"सांग त्याला, नट बोलतायत."

"त्याला म्हणावं, माणसांशी बोलायची सवय सुटली की असंच होतं. आधी नट बोलतात, मग भिंती."

"मी काय टेलिफोनची तार आहे का?" बहिणीने शिक्का आपटला. "दोघांनी माझ्यात एकेक टोक धरून ठेवलंय! दहाला गाडी सुटायची आहे. सही झाली का, दादा?"

"सही होणार नाही."

'होणार नाही' हा शब्द साहेबांना तीन खोल्यांपलीकडून ऐकू येत असे. ते घड्याळाकडे बघतच आले.

"काय होणार नाही? सगळे ब्रेक दोन इंचांच्या आत आहेत ना?"

"आत्ता आहेत. पुलापर्यंत राहणार नाहीत."

"ज्योतिष बघता की काय, मिस्त्री?"

"वीस वेळा ब्रेक दाबून परत मोजू. आणि मी नाही मोजणार, नाहीतर म्हणतील मिस्त्रीने पट्टी वाकडी धरली. यांनी खाली जावं. मी वर बसतो."

दाजींनी पेला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा मिस्त्रीच्या तोंडाकडे बघून बोलले. "पार्किंग ब्रेक सोडलेला, गाडी मोकळी, पायडलवर तुम्ही, आणि खाली मी? वेड लागलंय का मला?"

"मी चौदा महिने तसाच पडतोय, दाजी. वर तुम्ही असता."

गेटपाशी कागदासाठी थांबलेल्या दोन ड्रायव्हरांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. बहिणीचा शिक्का हवेत राहिला. दाजींनी बाह्या सरसावल्या.

मिस्त्री चाकांना दोन ठोकळे लावायचा. दाजींनी सहा लावले. प्रत्येकाला लाथ मारून पाहिली, मग परत येऊन पहिल्याला आणखी एक मारली. "हात स्टिअरिंगवर ठेवायचे, मला दिसतील असे," ते म्हणाले.

"खालून कसे दिसतील?"

"दिसतील!"

मिस्त्री केबिनमध्ये चढला. ती दाजींची खोली होती. आरशाला लटकवलेला कंगवा, चष्म्याचं रिकामं घर, आणि पाठीला टेकायला एक उशी. उशी मिस्त्रीच्याच घरची होती, बहिणीने कधी नेली देव जाणे. सीट मागे सारायला त्याने खाली हात घातला तर बोटांना फलालीनचं फडकं लागलं. घडी उलगडली. आत पाना. पुसलेला, तेल लावलेला, तान्ह्या मुलासारखा गुंडाळलेला. त्याने तो तसाच परत ठेवला. रागाच्या भरातही त्याच्या मनात आलं की पाना चांगला ठेवलाय.

खालून धडपड ऐकू आली, मग एक शिवी, मग एक ठोका. मिस्त्रीने ब्रेक दाबला. हवा फुसकारली. दोन ठोके. सोडला.

"डावा पहिला, दीड," खालून दाजींचा आवाज विजयाने आला. "लिहा, साहेब. दीड!"

"आता वीस वेळा," मिस्त्री खिडकीतून म्हणाला.

त्याने सावकाश, मोजून, वीस वेळा ब्रेक दाबला. दाजी खाली ट्रेलरच्या पोटाकडे बघत पडून होते. दर दाबण्याला त्यांचे बाहेर आलेले बूट किंचित आखडत होते. मिस्त्रीला आरशात ते दिसत होते. त्याने ते पाहायचं टाळलं नाही.

वीस झाले. एक ठोका पडला. मग पट्टी लोखंडाला दोनदा घासल्याचा आवाज आला.

"काय आलं?" साहेबांनी विचारलं.

खोटं सांगता आलं असतं, साहेब खाली वाकणाऱ्यांतले नव्हते. मिस्त्री तयारीतच होता. पण दाजींनी पट्टीवर जे होतं ते वाचलं. "एक इंच सात सूत."

आणखी वीस. दुसऱ्याला दोन इंच. आणखी वीस. तिसऱ्याला, आवाज इतका खाली गेला होता की साहेबांना दोनदा विचारावं लागलं, "दोन इंच एक सूत."

"आणि सहावा?" मिस्त्रीने विचारलं.

"तिथे मला जाता येत नाही."

"माहीत आहे."

सहावा मिस्त्रीने मोजला. पावणेदोन होता, पावणेदोनच राहिला.

दाजी बाहेर आले ते तांबडेलाल होऊन. "ॲडजस्टरच भिकार आहेत," ते साहेबांना म्हणाले. "आणून बसवणारे हेच. मला काय विचारता?"

तेव्हा गेटची खिडकी बंद झाली. बहीण दिवसा खिडकी बंद करून बाहेर आल्याचं कोणाला आठवत नव्हतं. ती येऊन नवऱ्यासमोर उभी राहिली.

"अहो, वळा जरा."

"काय?"

"पाठ दाखवा."

दाजी वळले नाहीत. तीच त्यांच्या मागे गेली. शर्टाच्या पाठीवर काळा पट्टा उमटला होता, खांद्यापासून कमरेपर्यंत.

"वर्षभर मी हाच डाग धुतेय. ड्रायव्हरच्या पाठीला ग्रीस लागतंच कसं? गाडी काय पाठीने चालवता? मला वाटलं, दुपारी गाडीखाली सावलीत झोपत असाल, बिचारे दमतात. म्हणून गप्प बसले. झोपत नव्हता तर!"

यार्डात कोणी हसलं नाही, हेच दाजींना जास्त लागलं असावं.

"हो, लावला पाना!" ते ओरडले. "रोज लावतो. का नाही लावणार? याच माणसाने नवी लायनर घातली आणि दुसऱ्या दिवशी उतारावर मी पायडल दाबतोय, दाबतोय, आणि गाडी पुढेच चाललीय! समोर बस उभी होती. हाताच्या अंतरावर थांबलो मी. त्या दिवशी ठरवलं, या माणसाच्या सहीवर मी माझी मान देणार नाही. पहाटे स्वतः आवळायचं, मगच निघायचं. माझ्या वस्तादाने मला तेच शिकवलंय."

"कधीची गोष्ट?" मिस्त्रीने विचारलं.

"तेरा महिन्यांपूर्वीची. लिहून ठेवायला मी काय कारकून नाही."

मिस्त्री होता. प्रत्येक गाडीला कधी काय घातलं ते त्याच्या वहीत तारीखवार होतं. त्याने वही आणली, पानं उलटली, आणि एका पानावर त्याचं बोट थांबलं. चाळीस नंबर, सहाही जागी नवी लायनर. तारीख जुळत होती. नवं लायनर ड्रमवर नीट टेकायला दोन-तीनशे किलोमीटर जावे लागतात. तोवर ब्रेक कमी लागतो, गाडी जपून न्यायची. हे तो प्रत्येक ड्रायव्हरला सांगायचा. 'नवं लायनर, जपून जा.' चार शब्द. चाळीस नंबरच्या ड्रायव्हरला सांगितले नव्हते. खिडकीत येऊन बहिणीकडून निरोप द्यायचाही त्याला त्या दिवशी कंटाळा आला होता, किंवा कंटाळा नसेल, दुसरंच काही असेल. पानाच्या कडेला 'सूचना दिली' असा रकाना होता. तो कोरा होता.

वही मिटून खिशात घातली असती तर कोणाला कळलं नसतं. साहेबांना त्याच्या अक्षरातली वही वाचता येत नव्हती आणि दाजींना वाचायची नव्हती. बहीण मात्र त्याच्या बोटाकडे बघत होती.

"काय आहे तिथे, दादा?"

"मी सांगितलं नव्हतं."

"काय सांगितलं नव्हतं?"

"नवं लायनर आहे म्हणून. बोलणं बंद होतं."

बहिणीने एकदा भावाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. "एक बस भरून माणसं," ती म्हणाली. "तुमच्या दोन वाक्यांपायी." आणि खिडकीकडे निघून गेली.

साहेब आता भलत्याच उत्साहात आले. दोन अपराधी एकाच वेळी हाती लागण्याचा योग रोज येत नाही. "कागदावर कारणाच्या रकान्यात एकच नाव जाईल," ते म्हणाले. "कोणाचं, ते ठरवा. ज्याचं जाईल तो घरी."

कागद भरायचं काम मिस्त्रीचं. त्याने पेन काढलं. दाजींचं नाव लिहिलं तर ते खरंच होतं, आणि वर्षाचा राग एका ओळीत वसूल होत होता. पण मग वहीतला कोरा रकाना रोज रात्री उशाशी आला असता. आपलं एकट्याचं लिहिलं असतं तर दाजींना मोठेपणा दाखवल्यासारखं झालं असतं, आणि ते त्याला मेला तरी चाललं नसतं. त्याने लिहिलं, 'चालकाने ॲडजस्टरला पाना लावला. मिस्त्रीने नवीन लायनरची सूचना दिली नव्हती. पाच ॲडजस्टर बदलणे.' आणि कागद दाजींपुढे धरला. दाजींनी दोनदा वाचला, दुसऱ्या ओळीपाशी थोडे रेंगाळले, आणि पहिल्या ओळीखाली सही केली.

"हे काय?" साहेब म्हणाले. "एक नाव म्हणालो होतो मी."

"दोघांना घालवा," मिस्त्री म्हणाला. "गाडी दहाला सुटणार होती. आता साडेअकरा झालेत. चालवणार कोण आणि पाच ॲडजस्टर बदलणार कोण, तेवढं बघा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, ट्रेलर पाहिला, पलीकडे रेंगाळत उभ्या असलेल्या बाकीच्या मंडळींना पाहिलं. गणित त्यांना लवकर सुटलं. "दोनच्या आत झाली पाहिजे. आणि लाल पट्टी लागली, तर दोन चाव्या."

दोघांनी मिळून पाच ॲडजस्टर बदलले. म्हणजे मिस्त्रीने बदलले आणि दाजी लागेल ते हातात देत राहिले, मागितल्यावर क्षणभर उशिरा, मुद्दाम. मोजताना परत ठोकेच होते. सगळ्या जागी दोन-तीन सुतं इकडेतिकडे आली. मिस्त्रीने सही केली. गाडी निघताना तो केबिनच्या खाली येऊन उभा राहिला.

"नवे ॲडजस्टर आहेत," तो टायरकडे बघत म्हणाला. "पाना लावायचा नाही."

"बहिरा नाही मी," दाजी म्हणाले आणि काच वर केली.

चार वाजता खिडकीतला फोन वाजला. मिस्त्री तासभर उगाच तिथल्याच पाण्याच्या नळाशी घुटमळत होता. बहिणीने ऐकलं, "हं" म्हटलं, ठेवून दिला.

"पास."

"आणखी काही म्हणाले?"

"म्हणाले, पास."

शुक्रवारी चाळीस नंबर परत आली. पंप अजून दुरुस्त झाला नव्हता, आणि मिस्त्रीने तो दुरुस्त करायला घेतलाही नव्हता. आता चाळीस नंबर आधी त्याच्यापुढे, मग पंपाखाली, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. टॉर्च घेऊन तो खाली शिरला. पहिल्या नटावर धूळ. दुसऱ्यावर धूळ. पाचही नटांवर नवी, पातळ, सारखी धूळ बसली होती, एक कोपरा चमकत नव्हता. मग टॉर्च दांडीवर गेला.

दांडीवर, त्याच पातळ धुळीखाली, त्याच्या पांढऱ्या रेघेशेजारी खडूची आणखी एक रेघ होती. निळी.

पाचही दांड्यांवर होती. ब्रेक मोजायला दोन माणसं लागतात, एक खाली, एक पायडलवर. मंगळवारी दुपारी, त्याने सही करून हात धुवायला पाठ फिरवल्यावर, कोणीतरी खाली शिरलं होतं आणि जिच्या निळ्या खडूला कोणी हात लावायचा नसतो ती खिडकी सोडून केबिनमध्ये चढली होती. प्रत्येक रेघेशेजारी चेसिसवर आकडा होता, दाजींच्या तिरक्या अक्षरात. त्याच्या सहीनंतर. त्याच्या सहीवर अजूनही विश्वास नव्हता!

सहाव्या जागी तर कमाल होती. पिंजऱ्याशेजारच्या फटीत, अर्ध्यातच संपलेली एक निळी रेघ, आणि पिंजऱ्याच्या कडेला अडकलेलं शर्टाचं एक बटण.

मिस्त्रीने खिशातली वही काढली आणि दाजींचे आकडे आपल्या मंगळवारच्या आकड्यांशी एकेक करून लावून पाहिले. सहापैकी पाच, सहाव्याचा आकडा नव्हताच. दाजी कुठेतरी चुकले असणार. त्याने पुन्हा पाहिले. एका सुताची चूक नव्हती, आणि त्याचाच त्याला सगळ्यात जास्त राग आला.

तो बाहेर आला, खिडकीशी गेला आणि बटण कट्ट्यावर ठेवलं.

"तुझ्या नवऱ्याला सांग," तो म्हणाला, "सहावा मोजायचा असेल तर मला बोलवायचं. पोट आत ओढून होत नाही ते."

बहिणीने बटण उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं. "तूच सांग," ती म्हणाली आणि फळ्याकडे वळून चाळीस नंबरपुढे सोमवारची वेळ लिहू लागली.

दाजी सहा फुटांवर चहा पीत उभे होते. मिस्त्रीने त्यांच्याकडे पाहिलं. दाजींनी पेल्याकडे पाहिलं.

"सोमवारी सात वाजता," मिस्त्री म्हणाला. "उशीर करू नका."

"तुम्ही करू नका," दाजी म्हणाले.